डेस ट्रँटरची पश्चिमेची भिंत

डेसची नक्कल अगदी सोपी. पँटच्या पट्ट्यात दोन्ही अंगठे अडकवायचे, मान मागे टाकून आभाळाकडे असं बघायचं, जणू आभाळाने नगरपालिकेला न विचारता काहीतरी वाढवून बांधलंय, आणि दातांच्या फटीतून हवा ओढत म्हणायचं, "हंऽऽ. सरळ सांगतो. हे असं चालायचं नाही." एवढ्यावर आमच्या गल्लीतलं कुठलंही पोर ओरडतं, "डेस!" आणखी हशा हवा असेल तर कानामागची चपटी पेन्सिल काढून हवेत एक रेघ मारायची आणि म्हणायचं, "एवढं झालं की बसतोच."

बसायचा नाही, हा त्यातला विनोद. सत्तरी ओलांडलेला माणूस. एकतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डबे जोडले, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात घरामागे जारा लाकडाच्या लालबुंद फळ्यांचा उघडा ओटा, म्हणजे डेक, ठोकला. त्यावर दोन खुर्च्या. एक नोलीनची, म्हणजे त्याच्या बायकोची. वेताची, पाठीला उशी, शेजारी चहाचा कप ठेवायला उलटी बादली. दुसरी डेसची. तिच्यावर कायम हातोडी, स्क्रूचा डबा आणि मोजपट्टी. त्या खुर्चीला आपण कपाट आहोत असंच वाटत असणार.

नोलीनची नक्कल मात्र अवघड. बावीस वर्षं तिने शाळेच्या कॅन्टीनमध्ये सॉसेज रोल वाटले, त्यामुळे आवाज लांबवर पोचायचा, पण चढायचा नाही. आणि तिचं हसू आधी यायचं, वाक्य मागून धापा टाकत. तो क्रम जमायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. आमचं नि त्यांचं कुंपण एकच; त्यातल्या एका फळीची गाठ निखळून भोक पडलंय. अभ्यासाला मी तिथेच बसायचे, असं म्हणायला हरकत नाही.

नोलीनला नसांचं दुखणं होतं. थंडीत ती काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायची आणि दुकानदाराशी भांडून यायची. पण उन्हाळ्यात अंग तापलं की पाय तिचे राहायचे नाहीत. "बघ गं," ती मला सांगायची, "मेंदू ओरडतोय, चला! आणि पाय म्हणतायत, कोण बोलतंय?" अंग निवलं की पाय परत ओळख द्यायचे. म्हणजे सगळा खेळ गारव्याचा.

घरात एसी होता. पुढच्या खोलीत. तिथे बस म्हटलं की नोलीन म्हणायची, "मी काय गोठवलेले वाटाणे आहे?" तिला डेकवरच बसायचं असायचं. उत्तरेकडच्या उघड्या बाजूने तीन पायऱ्या अंगणात उतरतात. तिथून तिला कोंबड्या दिसायच्या, लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायचा फिरता सांगाडा, पलीकडच्या कुंपणावर हनुवटी टेकवून उभा राहणारा शेजारी ट्रेव. गुरुवारी पत्ते खेळायला तिघी मैत्रिणी यायच्या. तिचं सगळं जग तिथे तिला भेटायला यायचं.

त्यांची मुलगी रोंडा दोन तासांवरच्या बनबरीला असते. दर रविवारी तिचा फोन, आणि डेसला ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे तो अख्ख्या कुंपणाला ऐकू यायचा. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नोलीन दोनदा स्वयंपाकघरात मटकन खाली बसली, तेव्हा रोंडा म्हणाली, "बाबा, मी ओरडत नाहीये. फक्त सांगतेय. पुढचा उन्हाळा आईला असाच गेला तर मी तिच्यासाठी वृद्धाश्रमात जागा बघणार."

"हंऽऽ," डेस म्हणाला. "सरळ सांगतो. डेक गार झाला की प्रश्न मिटला."

"बाबा, डेकचा प्रश्न नाहीये हा."

"डेकचाच आहे," डेस म्हणाला आणि पेन्सिल कानामागून निघाली.

त्या दिवसापासून त्याने शिडी लावली ती उतरवलीच नाही.

आधी आली शेडनेट. हिरवी, नव्वद टक्क्यांची, म्हणजे शंभरातलं नव्वद ऊन अडवणारी. ती त्याने डोक्यावर सपाट ताणली. ट्रेवची हनुवटी लगेच कुंपणावर. "काय रे डेस, कोबी लावलास?"

"तुला लावायला वाफा करतोय. उभा राहा, पाणी घालतो."

जाळी चार दिवसांत पोट सुटल्यासारखी मधोमध खाली आली. गरम हवा तिच्याखाली जमून बसायची, आणि खाली बसलेली माणसं बोट लागल्यासारखी हिरवी दिसायची. नोलीन आरशात बघून म्हणाली, "मी गेले की मला असंच ठेव, रंग द्यायला नको." डेसने जाळी काढली आणि खरं छप्पर घातलं. दोन पत्रे, मध्ये उष्णतारोधक थर, वरच्या कडेला गरम हवा निसटायला हातभर फट. हे त्याचं काम खरंच छान झालं होतं. भर दुपारी खाली उभं राहिलं तर डोक्यावरून कुणी इस्त्री उचलून घेतल्यासारखं वाटायचं. तेवढ्यावर तो थांबला असता तर.

पण राहिलं चारचं ऊन. बाराचं ऊन सरळ भांडतं, छप्पर घातलं की हरतं. चारचं ऊन वाकून, छपराखालून, पश्चिमेच्या कडेने आत शिरतं आणि थेट माणसाच्या तोंडावर येऊन बसतं. आणि आमच्याकडे पश्चिमेची गोष्ट सोपी नाही. कारण त्याच बाजूने डॉक्टर येतो.

डॉक्टर म्हणजे दुपारचा वारा. सकाळभर पूर्वेकडून, वाळवंटाकडून, भट्टीचं दार उघडं ठेवल्यासारखी हवा येत असते. मग फ्रीमँटलच्या बंदरावरून समुद्राचा वारा आत शिरतो आणि एकेक उपनगर करत गॉस्नेल्समध्ये आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा तीन वाजलेले असतात. झाडं आधी सांगतात. मग पडदे. मग कुठल्या तरी घरातून कुणीतरी ओरडतं, "आला!" आणि अख्खी गल्ली खांदे खाली सोडते. हे इथल्या तान्ह्या पोरालाही माहीत असतं. डेसला तर माहीत होतंच. नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगत सुटायचा, "खिडकी नैर्ऋत्येला ठेव, नाही तर बायको सोडून जाईल."

त्या पश्चिमेच्या बाजूला नोलीनचा द्राक्षाचा वेल होता. दुधाच्या खोक्यात आणलेली काडी तिने लावली होती, तिची वाढून छपरापर्यंत हिरवी भिंत झाली होती. उन्हाळ्यात ताटाएवढी पानं, हिवाळ्यात नुसत्या काड्या. वारा आला की पानं एकमेकांवर सळसळायची आणि मधून गार झुळूक यायची. पण भोकंही होती. चार वाजता त्यातून उन्हाचे तुकडे नोलीनच्या डोळ्यांवर यायचे. शिवाय द्राक्षं गळायची, उंदीर यायचे, आणि डेसच्या लालबुंद फळ्यांवर जांभळे डाग पडायचे.

"गळका आहे हा वेल," डेस म्हणाला. "सत्तर टक्के. फार तर."

"सत्तर टक्क्यांत पोरं पहिल्या वर्गात पास होतात, डेस."

"मी डबे बांधलेत, नोल. सत्तर टक्के बंद डबा पाहिलायस कधी?"

नोलीन हसली आणि मग म्हणाली, "डब्यात बसायचं कुणाला आहे?"

पण डेसच्या डोळ्यांसमोर रोंडाचा उन्हाळा होता. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, वेलाला एक पान नसताना, त्याने तो कापला. नोलीन खिडकीतून बघत होती. एवढंच म्हणाली, "बुंधा तरी ठेव रे." बुंधा राहिला, कारण तो खणायला फार कठीण होता.

आणि मग ती भिंत. अकरा दिवस लागले. पन्हळी पत्रे दुहेरी, मध्ये रोधक थर, पोलादी खांब, बाहेरून ऊन परतवणारा पांढरा रंग. प्रत्येक सांध्यात सिलिकॉन. दक्षिणेला अवजारांची शेड आधीच होती. तिच्या नि भिंतीच्या मधली बोटभर फटही त्याने बुजवली. काम बघायला त्याने सगळ्यांना बोलावलं. नोलीनच्या खुर्चीमागे थर्मामीटर टांगला होता, बाहेर कुंपणावर दुसरा.

"बाहेर एकतीस! आत चोवीस! सात, ट्रेव! सात अंश! चष्मा लाव आणि वाच!"

"मला सात कळतं रे."

"मग तोंड का असं?"

"माझं तोंड असंच आहे. बायकोला विचार."

सगळे हसले. वाऱ्याचं कुणीच काढलं नाही. थंडी नुकती संपत होती, वारा सुरू व्हायचा होता, आणि सात अंश म्हणजे सात अंश. थर्मामीटर खोटं बोलत नव्हता. फक्त त्याला वारा कळत नाही.

डिसेंबर लागला, आणि उन्हाळा. आता कामं भिंतीच्या बाहेरच्या बाजूला. दुसरा हात रंगाचा, वर पावसाची पन्हळ, कडेला पट्टी. तीन वाजले की डेस शिडीवर असायचा, आणि डॉक्टर येऊन त्याच्या टोपीची कड उचलायचा. तो एका हाताने टोपी धरून ओरडायचा, "नोल! आला बघ!"

आणि भिंतीमागून, हसू आधी आणि शब्द मागून, "आला, आला!"

हे रोज. डेस मग शीळ वाजवायला लागायचा. मी कुंपणाच्या भोकातून बघून ते "आला, आला" अगदी घासून पुसून तयार केलं, आणि ख्रिसमसच्या जेवणाला त्यांच्याच डेकवर करून दाखवलं. टेबलावर गार हॅम होतं, कोलंबी होती, आणि रोंडाने आणलेला मेरँगचा, म्हणजे फेटलेल्या अंड्या-साखरेचा, केक वितळत होता. मी आधी डेस झाले, मग नोलीन. आई म्हणाली, "अगं, लाज बाळग जरा," आणि स्वतःच पोट धरून बसली. डेसच्या डोळ्यांत पाणी आलं. "ए काकाकुवा! पुन्हा कर!" तो मला काकाकुवा म्हणतो, ते गुलाबी, बडबडे असतात तसा. मी पुन्हा केलं. नोलीनही हसली, पण सगळ्यांच्या नंतर. तिचं हसू मागून आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. हेही जमवायला हवं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

जानेवारीत डेसने छपराच्या कडेने फॉगरच्या नळ्या लावल्या. बटण दाबलं की धुक्यासारखं पाणी. मोकळ्यावर ते उडून जातं आणि गार करतं. भिंतीच्या आत ते कुठेच जायचं नाही. वर्तमानपत्र ओलं, उशी ओली, बिस्किटं मऊ. थर्मामीटर मात्र बत्तीस दाखवायचा, आणि डेस त्याच्याकडे बघून मान डोलवायचा. गुरुवारच्या मैत्रिणींपैकी बेव्ह म्हणाली, "पत्ते चिकटतात गं, नोलीन. एक ओढला की तीन येतात. आपण माझ्याकडे खेळू या ना?" नोलीनला बेव्हकडे जाणं जमण्यासारखं नव्हतं. बेव्हला ते सुचलं नसावं, किंवा सुचलं असूनही घामापुढे चाललं नसावं. गुरुवारी डेक रिकामा राहायला लागला.

"बायकांना काही पटतच नाही," डेस शिडीवरून म्हणाला.

"अरे, खाली ये. चहा पी."

"एवढी पट्टी झाली की बसतोच."

त्याच दिवसांत नोलीनला कपड्यांची फार काळजी लागली. तीन वाजून गेले की ती चाकांचा वॉकर घेऊन निघायची, उत्तरेच्या तीन पायऱ्या कठडा धरून उतरायची आणि सांगाड्याच्या दांड्याला धरून उभी राहायची. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"काय करतेयस तिथे?" डेस ओरडायचा.

"कपडे वाळलेत का बघतेय."

"मी आणतो ना!"

"तू आणतोस आणि चादरीचा चेंडू करतोस. राहू दे."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बेचाळीस अंशांच्या दिवशी, सव्वातीनला, ती दुसऱ्या पायरीवरून पडली. डेस छपरावर होता, पांढऱ्या रंगाचा तिसरा हात देत. वॉकर आधी खाली गेला, त्याचा आवाज मी ऐकला. आईने रुग्णवाहिका बोलावली. डेस शिडीवरून कसा उतरला मला आठवत नाही. तो एकदम खाली होता, तिचं डोकं मांडीवर, हाताला पांढरा रंग, तो तिच्या केसांना लागत होता. "अगं, कपड्यांसाठी काय उठायचं," तो म्हणत होता. "कपड्यांसाठी काय उठायचं, नोल."

खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे हॉस्पिटल, आणि तिथून सरळ वृद्धाश्रम. रोंडा आली, कागदांवर सह्या केल्या, नोलीनचे कपडे बॅगेत भरले. "मी सांगितलं होतं" हे वाक्य तिने एकदाही उच्चारलं नाही. "बोलली असती तर डेसला भांडता तरी आलं असतं," माझी आई म्हणाली.

डेस रोज अकराची बस पकडून आश्रमात जायचा आणि दोनला परत यायचा. शिडी अजून भिंतीला टेकलेलीच होती. एक दिवस तो कुंपणाशी आला. मी भोकाशीच होते, त्यामुळे आमची नाकं जवळजवळ टेकली.

"ए काकाकुवा. तुला नोलीन येते ना?"

"येते."

"जरा कर. तिकडे ती फार हळू बोलते. शेजारच्या खाटेवरची बाई झोपलेली असते म्हणून. मला निम्मं ऐकूच येत नाही."

मी फाटकाने आत गेले. नक्कल नुसत्या आवाजाची नसते, हात विसरला तर आवाजही खोटा पडतो. म्हणून मी तिच्या खुर्चीत बसले, बादलीवरचं जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि त्याची तिच्यासारखी चौघडी केली. म्हटलं, "मी काय गोठवलेले वाटाणे आहे?" डेस हसला. "पाय म्हणतायत, कोण बोलतंय?" डेस आणखी हसला, रुमाल काढला. मग तो स्वतःच पायऱ्यांवरून खाली उतरला, भिंतीच्या पलीकडे गेला आणि तिकडून ओरडला, "नोल! आला बघ!"

"आला, आला!" मी म्हणाले. हसू आधी, शब्द मागून. अगदी नेमकं झालं.

तो कोपऱ्यावरून परत आला. "पुन्हा कर."

"आला, आला!"

"थांब. हाताने काय करतेयस?"

माझ्या उजव्या हातातलं वर्तमानपत्र हलत होतं. डाव्या हाताने मी गळ्यापाशी कपडा अंगापासून सोडवून धरला होता. "वारा घेतेय," मी म्हणाले.

"का?"

"ती घ्यायची."

"केव्हा?"

"हे म्हणताना."

"डॉक्टर आल्यावर?"

"हो."

"दर वेळी?"

माझी परीक्षा चाललीय असं मला वाटलं. "दर वेळी," मी ठसक्यात म्हणाले. "मी चुकत नाही, डेस."

त्याने मला हाताने उठवलं आणि तो तिच्या खुर्चीत बसला. त्या डेकवर तो बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सव्वातीन झाले होते. समोर अंगणात कपड्यांचा सांगाडा वाऱ्याने गरगर फिरत होता. लिंबाचा शेंडा वाकला होता. कोंबड्यांची पिसं उलटी होत होती. डेकवर काही हललं नाही. डेसने वर्तमानपत्राचं एक पान कोपऱ्याला धरून समोर टांगलं. ते तसंच लोंबत राहिलं. त्याच्या हनुवटीवरून घाम पानावर पडला. मागे थर्मामीटर तेहतीस दाखवत होता.

मग त्याने विचारलं, "ती पडली त्या दिवशी सांगाड्यावर कपडे होते का गं?"

मला माहीत होतं. भोकातून सगळं दिसतं. "नव्हते," मी म्हणाले.

"हंऽऽ," डेस म्हणाला. त्यापुढचं "सरळ सांगतो" आलं नाही.

मला नोलीनचा हात येत होता, मान येत होती, आवाज येत होता. ख्रिसमसला तीस माणसांपुढे मी तो हात हलवून दाखवला होता, आणि सगळे, मीसुद्धा, त्यावर हसलो होतो. मी एकदा जरी विचारलं असतं की अगं, वारा आलाय तर वारा का घेतेयस. एवढंच. ते विचारायला अक्कल लागत नव्हती. पण मला नक्कल करायची होती, त्यामुळे मी फक्त बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा कापायच्या ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. ट्रेवची हनुवटी कुंपणावर आली, पण तिच्यातून टोमणा निघाला नाही. "मदत करू?"

"नको."

जरा वेळाने, "शिडी धर."

अकरा दिवसांची भिंत दोन दिवसांत उतरली. सिलिकॉनच फार वेळ निघेना.

मार्चमधल्या एका रविवारी नोलीनला दोन तासांसाठी घरी आणायला परवानगी मिळाली. साडेचारला परत पोचवायचं, असा आश्रमाचा नियम. खुर्चीसकट चढता येते अशी टॅक्सी आली. डेसने सकाळीच उतार तयार केला होता, डेकच्या फळ्यांवर नळीने पाणी मारलं होतं, आणि स्वतःच्या खुर्चीवरची हातोडी, डबा, मोजपट्टी सगळं उचलून ठेवलं होतं. थर्मामीटर दोन्ही काढून टाकले होते. नोलीन खूप बारीक झाली होती. तिने आधी कोंबड्या बघितल्या, मग पश्चिमेकडे मान वळवली.

"अरे, भिंत कुठे गेली?"

"पाडली."

"का रे? एवढे कष्ट घेतले होतेस."

डेस तिच्यासमोर उकिडवा बसला. "तू बोलली का नाहीस, नोल? सांगायचंस ना. शिव्या घालायच्यास."

ती हसली नाही. "तू शिडीवर शीळ वाजवत होतास," ती म्हणाली. आवाज खरंच खूप हळू झाला होता. मला भोकाला कान लावावा लागला. "कारखाना सुटल्यापासून कधी वाजवली नव्हतीस. म्हटलं, वाजवू दे." मग म्हणाली, "आणि मला वाटलं, आज नाही तर उद्या तू येऊन बसशीलच. बसलास की तुझं तुलाच कळेल."

डेसने पट्ट्यात अंगठे अडकवले, मग काढले. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

तीन वाजून दहा मिनिटांनी आधी लिंब हलला. मग सांगाडा. मग नोलीनचे पांढरे केस कपाळावरून उठले आणि मागे गेले. तिने डोळे मिटले.

"आला," ती म्हणाली. एकदाच. दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते हलले नाहीत.

पण भिंत नव्हती, वेल नव्हता, आणि थोड्याच वेळात ऊन वाकून छपराखालून आत आलं आणि तिच्या चेहऱ्यावर पडलं. डेस उठला. इकडेतिकडे बघितलं. मग पश्चिमेकडे पाठ करून, ऊन आणि तिच्या मधे, जाऊन उभा राहिला. त्याची सावली बरोबर तिच्या तोंडावर पडली. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून तिच्यापर्यंत येत होता.

"बस की रे आता," ती म्हणाली.

"बसतो. ऊन जरा सरकू दे."

ऊन सरकलं तसा तोही अर्धं पाऊल सरकला. पुन्हा अर्धं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला, मानेचं कातडं लाल झालं. टॅक्सी येईपर्यंत तो तसाच होता, आणि स्वतःची रिकामी केलेली खुर्ची रिकामीच राहिली.

नोलीन पुन्हा घरी आली नाही. एप्रिलमध्ये तिला गिळायला त्रास व्हायला लागला, आणि जूनमध्ये, भर थंडीत, जेव्हा गारव्याची काहीच कमतरता नव्हती, ती गेली.

डेसची नक्कल मला कुणी सांगितली तर मी अजून करते. पण "एवढं झालं की बसतोच" गाळते, कारण आता तो बसतो. रोज तीन वाजता, स्वतःच्या खुर्चीत, टोपी मांडीवर. ट्रेवने एकदाच विचारलं, "काय रे, संपली कामं?" डेस म्हणाला, "हो."

बुंधा सप्टेंबरात, आमच्याकडे वसंत लागतो तेव्हा, फुटला. डेसने पश्चिमेला पुन्हा तारा ओढल्यात आणि कोवळे फुटवे एकेक करून मऊ चिंधीने बांधलेत. परवा मी कुंपणावरून डोकावले, तेव्हा तो पानांकडे बघत होता. मधून चारचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं आणि तो हललासुद्धा नाही.

"किती टक्के?" मी विचारलं.

"दहा," तो म्हणाला. "सत्तरला तीन वर्षं लागतील."